रिकामा वेळ आणि मोकळा वेळ

दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी मलिद्याचा कार्यक्रम झाला. आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडून ती पुन्हा काठीच्या आधाराने चालू लागली, त्याबद्दलचा तो नवस होता. पाहुणे पांगल्यावर मी स्वयंपाकघर आवरावयास गेले, तो आईची मेटापेलेत, म्हणजे तिची शुश्रूषा करणारी बाई, ताटांतल्या खजुराच्या बिया वेचून एका पातेल्यात धूत उभी होती. मी विचारले, "या कशाला?" ती म्हणाली, "मोरा, मला अठ्ठ्याण्णव पाहिजेत. एकोणनव्वद झाल्या."

ही बाई फिलिपिन्सची. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. गेली तीन वर्षे ती आमच्याकडे आहे. आमच्याशी हिब्रूत बोलते, पण आईच्या सहवासाने "चहा", "पुरे", "बस गं" असे शब्द तिच्या तोंडी बसले आहेत आणि आईला ती आईच म्हणते. त्या रात्री उरलेल्या नऊ बिया पूर्ण करण्यासाठी आम्ही तिघींनी नऊ खजूर खाल्ले. मग तिने टेबलावर सात-सात कागदी पेल्यांच्या दोन रांगा मांडल्या, दोन टोकांना दोन वाट्या ठेवल्या आणि प्रत्येक पेल्यात सात बिया घातल्या. तिच्या देशात या खेळाला सुंका म्हणतात. खरा पाट लाकडी, नावेच्या आकाराचा, खळगे कोरलेला असतो व त्यात कवड्या वापरतात. एका पेल्यातील बिया उचलून पुढच्या पेल्यांत एकेक टाकीत जायचे आणि आपल्या वाटीत जास्तीत जास्त जमवायच्या, असा तो खेळ. आईचे बालपण रेवदंड्यास सागरगोटे खेळण्यात गेलेले. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी तिची बोटे अजून चपळ आहेत. दुसऱ्याच डावात तिने आम्हा दोघींना हरविले.

"पाटाऐवजी पेले आणि कवड्यांऐवजी खजुराच्या बिया, ही युक्ती कुणाची?" असे मी सहज विचारले. त्यावर तिने जे सांगितले, ते या लेखांकाचे निमित्त आहे.

ती आमच्याकडे येण्यापूर्वी सौदी अरेबियात, रियाध शहरी, एका कुटुंबात घरकामास होती. चौदा महिने तिने तेथे काम केले. त्यांपैकी शेवटच्या पाच महिन्यांचा पगार तिला मिळाला नाही. पारपत्र मालकाच्या कपाटात होते. रजेचा दिवस असा नव्हताच. एके दिवशी पहाटे कचरा टाकावयाच्या निमित्ताने ती बाहेर पडली, रस्त्यावर टॅक्सी थांबविली आणि एका निवारागृहात जाऊन पोचली. तेथे ती चार महिने अकरा दिवस राहिली. खजुराच्या बियांचा खेळ त्या निवारागृहातला.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, ही तर पगार बुडविल्याची हकीकत झाली. हिला बेघर कसे म्हणावे? येथे थोडे समजावून सांगणे अवश्य आहे. आपण बेघर म्हटले की फुटपाथावरचे, पुलाखालचे माणूस डोळ्यांपुढे येते. घरकामासाठी परदेशी गेलेल्या बाईची गोष्ट निराळी असते. तिचे कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण एकच. काम सोडले की त्याच क्षणी छप्पर गेले. त्यातून आखाती देशांत 'कफाला' नावाची पद्धत दीर्घकाळ चालत आली. या पद्धतीत परदेशी कामगाराचा देशातील वास्तव्याचा हक्क एका मालकाशी, म्हणजे 'कफील'शी, बांधलेला असतो. सौदी अरेबियात कामगाराला देश सोडून जाण्याचा परवाना मिळावयासही मालकाची संमती लागत असे. मालकाचे घर सोडून गेलेल्या कामगाराविरुद्ध मालक 'हुरूब'ची, म्हणजे पळून गेल्याची, नोंद करू शके. आणि तशी नोंद झाली की ती बाई कायद्याच्या दृष्टीने अपराधी. घर नाही, काम नाही, पगार नाही, आणि मायदेशी परत जाण्याची मोकळीकही नाही. याहून पूर्ण असे बेघरपण मला सुचत नाही.

अशा स्त्रिया थोड्याथोडक्या नव्हत्या. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २००८ साली सौदी अरेबियातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अशा परदेशी स्त्रियांची संख्या सुमारे १५ लाख धरलेली होती. बहुसंख्य इंडोनेशिया, श्रीलंका आणि फिलिपिन्स या देशांतल्या. देशाच्या २००५ च्या कामगार कायद्याने घरकामगारांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अहवालातील तक्रारींचे नवल वाटत नाही. जेद्दा शहरात कंदरा भागातील पुलाखाली कित्येक वर्षे परदेशी कामगार, त्यांत लहान मुलांसह स्त्रियाही, अंथरुणे टाकून राहत असत. आपल्याला पकडून मायदेशी पाठवून द्यावे एवढीच त्यांची आशा असे. पकडले जाण्याची वाट पाहत माणसे उघड्यावर बसतात, ही कल्पनाच मनाला सुन्न करते.

ज्यांना पुलाखाली जावे लागले नाही, त्यांच्यासाठी निरनिराळ्या देशांच्या वकिलातींनी निवारागृहे चालविली. या बाबतीत फिलिपिन्सचा कायदा मला विशेष उल्लेखनीय वाटतो. १९९५ च्या मार्चमध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लेशियॉन या फिलिपिनो मोलकरणीला सिंगापुरात फाशी देण्यात आले. तिच्या देशात त्यावरून प्रचंड क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी जूनमध्ये परदेशी काम करणाऱ्या नागरिकांसाठी ८०४२ क्रमांकाचा कायदा झाला. ज्या देशात आपले २०,००० किंवा अधिक कामगार आहेत तेथे वकिलातीच्या आवारात त्यांच्यासाठी एक केंद्र असावे, ते सुटीच्या दिवशीही चोवीस तास उघडे असावे, असे त्यात सांगितले आहे. केंद्राने काय काय द्यावे याची यादीही कायद्यात आहे. कायदेशीर सल्ला आणि औषधपाणी तर आहेच, पण त्याबरोबर प्रशिक्षण आणि स्त्रियांच्या विशेष गरजा ओळखून आखलेले कार्यक्रमही आहेत. भारत सरकारनेही २००९ मध्ये परदेशस्थ भारतीयांसाठी एक कल्याण निधी स्थापन केला. अडचणीत सापडलेल्या घरकामगारांच्या राहण्या-जेवणाची सोय त्यातून करता येते. २ जानेवारी २०१४ रोजी भारत आणि सौदी अरेबिया यांच्यात घरकामगारांविषयी स्वतंत्र करारही झाला.

निवारा, अन्न, औषध, वकील. यादी येथपर्यंत आली की बहुतेकांना ती पुरी झालीशी वाटते. त्यापुढे खेळ, गाणी, शिवणकाम, व्यायाम असे काही आले की भुवया उंचावतात. "पोटाला नाही आणि नाचगाणी कसली?" हा प्रश्न मी स्वतःही पूर्वी विचारला असता. आमच्या बाईने मला त्याचे उत्तर दिले.

ती म्हणाली, "मालकाच्या घरी मला वेळच नव्हता. निवाऱ्यात आले, तर वेळाखेरीज दुसरे काही नव्हते."

पहिले काही आठवडे ती आणि तिच्यासारख्या इतर जणी दिवसभर फाटकाकडे तोंड करून बसत. फाटकाची घंटा वाजली की सगळ्यांच्या माना एकदम वळत. कोणाचा तरी परवाना आला असेल, कोणाचा तरी मालक पारपत्र घेऊन आला असेल. बहुधा भाजीवालाच असे. जागा थोडी आणि माणसे फार, त्यामुळे नळावरून, फोन लावण्याच्या खटक्यावरून, खिडकीजवळच्या गादीवरून भांडणे होत. सगळ्या एका देशाच्या असल्या तरी बेटे वेगळी, बोली वेगळ्या, काही ख्रिस्ती तर काही मुसलमान. रात्री कोणाचे ना कोणाचे रडणे ऐकू येई, आणि एक रडू लागली की चार जणी रडत.

आपल्या मराठीत या दोन स्थितींना दोन शब्द आहेत. वेळ रिकामा असतो आणि वेळ मोकळा असतो. रिकाम्या वेळी माणसाजवळ करण्यासारखे काही नसते. मोकळ्या वेळी काय करावे हे त्याचे त्याने ठरवायचे असते. शिक्षकाच्या पेशात हा भेद फार लवकर कळतो. ठाण्यास अध्यापनाचे शिक्षण घेत असताना आमच्या बाई सांगत की, शिक्षक गैरहजर असलेल्या वर्गाला रिकामा तास मिळतो आणि तेथे मारामारी होते. त्याच मुलांना मैदानावर सोडा, ती अर्ध्या मिनिटात आपसांत नियम ठरवून खेळू लागतात. मुले तीच असतात. आपण काय करतो आहोत ते आपले आहे, एवढाच काय तो फरक.

त्या निवाऱ्यात हा फरक एका वयस्क बाईने घडविला. तिने जेवणातल्या खजुरांच्या बिया मागून घ्यावयास सुरुवात केली. अठ्ठ्याण्णव बिया जमावयास चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत पहिल्यांदा सगळ्या जणी फाटकाखेरीज दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत होत्या. पाचव्या दिवशी पेले मांडले गेले. बेटाबेटांवरचे नियम थोडे थोडे निराळे निघाले, त्यावरून वाद झाला, आणि अखेर "आपल्या घराचे नियम" म्हणून एका पुठ्ठ्यावर ते लिहिण्यात आले. आपल्या घराचे! पारपत्र नसलेल्या, हुरूबची नोंद झालेल्या बायकांनी लिहिलेले ते शब्द मला फार वेळ विसरता आले नाहीत.

त्यानंतर हळूहळू आठवड्याचे वेळापत्रक ठरले. सकाळी गच्चीवर अर्धा तास व्यायाम. एक दिवस शिवणकाम. एक दिवस केस कापणे, कारण त्यांच्यापैकी एक जण पूर्वी केशकर्तनालयात काम करीत असे. एका संध्याकाळी गाणी. यांतील काही गोष्टी साधल्या, काही फसल्या. कोणत्या साधल्या आणि का, हे मी तिला पुनःपुन्हा विचारले, कारण असे कार्यक्रम चालविणाऱ्या आपल्याकडच्या भगिनींनाही त्याचा उपयोग व्हावा.

पहिली गोष्ट दिवस आणि वेळ ठरलेली असण्याची. कार्यक्रम थोर नसला तरी चालतो, पण मंगळवारी म्हटले तर मंगळवारीच झाला पाहिजे. ज्यांच्या आयुष्यात उद्या काय होणार हे दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्यांना "मंगळवारी शिवण आहे" एवढे निश्चित वाक्यसुद्धा धरून राहावयास पुरते.

दुसरी गोष्ट, काम एका बैठकीत पुरे होणारे असावे. आरंभी त्यांनी मोठे टेबलपोस भरावयास घेतले. एका बाईचे निम्मे फूल भरून झाले आणि त्याच दुपारी तिचा परवाना आला. ती आनंदाने गेली, पण ते अर्धे फूल पाहून मागे राहिलेल्या दोघी-तिघींनी सुई खाली ठेवली. पुढच्या वेळेपासून रुमालच घेण्याचे ठरले. संध्याकाळपर्यंत भरून होईल आणि जाताना बरोबर नेता येईल एवढाच रुमाल. आमच्या बाईचा रुमाल तिच्याजवळ अजून आहे. तिने तो मला दाखविला. टाके फारसे सरळ नाहीत.

तिसरी गोष्ट, न येण्याची मुभा. ज्या बाईला चौदा महिने "ऊठ" म्हटले की उठावे लागले आणि "बस" म्हटले की बसावे लागले, तिला "चला, आता सगळ्यांनी गायचे" असे सांगणे म्हणजे आणखी एक हुकूम. जिला कोपऱ्यात बसून पाहावयाचे आहे तिला पाहू द्यावे. आमची बाई पहिले तीन आठवडे गाण्याला नुसती दाराशी बसत असे. चौथ्या आठवड्यात कोणीही न सांगता ती गाऊ लागली.

फसलेला कार्यक्रमही तिने सांगितला. काही परोपकारी मंडळी एकदा भेटवस्तू घेऊन आली. भाषणे झाली. बायकांना ओळीने बसविण्यात आले, पिशव्या वाटण्यात आल्या आणि छायाचित्रे काढताना हसावयास सांगण्यात आले. कितीतरी जणींनी आपण कोठे आहोत हे घरी कळविलेले नव्हते. कर्ज काढून मुलीला पाठविणाऱ्या म्हाताऱ्या आईला काय सांगायचे? छायाचित्र कोठे छापून येईल या धास्तीने त्या रात्री कोणाला झोप आली नाही. पाहुण्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण कार्यक्रम बायकांसाठी झाला की पाहुण्यांसाठी, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

आणि शिवणाच्या दिवसाची एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. हात कामात असले की जीभ सैल होते, हे आपल्या आयाबहिणींना पापड लाटताना, शेवया वळताना ठाऊकच असते. कचेरीत टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने "किती महिन्यांचा पगार थकला?" असे विचारले, तेव्हा आमच्या बाईला तारखाच आठवेनात. रुमाल भरता भरता मात्र शेजारणीशी बोलताना तिला आठवले की, शेवटचा पगार मालकाच्या थोरल्या मुलाच्या लग्नाआधी आठ दिवस मिळाला होता. तिची बाजू मांडणारी कर्मचारी बाईही त्या दिवशी तेथेच सुईत दोरा ओवीत बसली होती. तिने ते लिहून घेतले. पाचांपैकी तीन महिन्यांचा पगार पुढे मिळाला, त्याला ती आठवण कारण झाली.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे अवश्य आहे. खेळाने पगार मिळत नाही. गाण्याने परवाना येत नाही. बायका रमल्या आहेत, आता घाई कशाला, असे जर कोणी अधिकारी म्हणू लागला, तर तो करमणुकीचा कार्यक्रम म्हणजे कुलपावर रंगविलेले फूल समजावे. वकील आणि खेळ या दोन्हींची गरज आहे, आणि एकीची भरपाई दुसरीने होत नाही.

ही सारी दूरदेशची हकीकत वाचून कोणास वाटेल की असा विचार बाहेरच्यांनीच आपल्याला शिकवावा लागतो. तसे नाही. आपल्या महाराष्ट्रात हा विचार सव्वाशे वर्षांहून जुना आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. त्या काळी बालविधवेला घर असूनही घर नसे. चांगले लुगडे नाही, सणसमारंभ नाही, हसणेखेळणे तर नाहीच. रमाबाई अमेरिकेत असताना फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकून आल्या होत्या. खेळातून शिक्षण देणारी ती पद्धती त्यांनी, जिचे बालपण हिरावून घेतले गेले होते, अशा मुलींच्या संस्थेत आणली. त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या आणि त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया केडगावला आणल्या. तेथे अन्नवस्त्राबरोबर शेती, विणकाम, छपाई असे उद्योगही उभे राहिले. रमाबाईंच्या धर्मांतरावरून त्या काळी मोठा वाद झाला, त्यात मला शिरावयाचे नाही. दुष्काळातून आलेल्या मुलीला भाकरीबरोबर आणखीही काही लागते, हे त्यांनी ओळखले होते, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

सौदी अरेबियाही आज पूर्वीचा राहिलेला नाही. २०१६ मध्ये त्या देशाने करमणुकीसाठी स्वतंत्र सरकारी प्राधिकरण स्थापन केले. २०१७ मध्ये मुलींच्या सरकारी शाळांत शारीरिक शिक्षण सुरू करण्याचे जाहीर झाले. जानेवारी २०१८ मध्ये स्त्रियांना फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षक म्हणून प्रवेश मिळाला, एप्रिलमध्ये चित्रपटगृह उघडले आणि जूनमध्ये स्त्रियांच्या हाती मोटारीचे चाक आले. एका शिक्षिकेला या बातम्यांनी आनंद न झाला तरच नवल. पण त्या घरांतून काम करणाऱ्या स्त्रियांचा पाळीचा क्रमांक मागाहून लागला. २०२१ च्या मार्चपासून परदेशी कामगारांना नोकरी बदलण्याच्या आणि देश सोडण्याच्या ज्या सवलती मिळाल्या, त्यांतून घरकामगार वगळले गेले. २०१३ च्या नियमांनी त्यांना आठवड्याची एक सुटी कागदावर दिली होती. नंतरच्या, २०२४ मध्ये अमलात आलेल्या नियमांनी दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली आणि आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती ठरविली. नियम चांगला आहे. मात्र घराच्या बंद दाराआड तो पाळला जातो की नाही हे पाहावयास कोण जाणार?

हा प्रश्न लिहिताना माझा हात क्षणभर थांबला, कारण माझेही घर आहे आणि त्यालाही दार आहे.

आमच्या बाईला आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी असे करारात आहे. पहिले वर्ष आम्ही ती दिली. त्या दिवशी ती तेल अवीवला जाई. तिच्या मैत्रिणींनी तेथे मिळून एक लहानशी जागा भाड्याने घेतली आहे. तेथे त्या स्वयंपाक करतात, गातात आणि झोपतात. जवळच लेविन्स्की उद्यान आहे. त्या उद्यानात २००९ मध्ये परदेशी कामगार आणि निर्वासित यांच्यासाठी उघड्यावरचे एक ग्रंथालय सुरू झाले. त्याच्या पुस्तकांच्या मांडण्या सार्वजनिक बॉम्बनिवाऱ्याच्या भिंतीला टेकून उभ्या केल्या होत्या आणि पुस्तके वाचकाच्या मनावर झालेल्या परिणामाप्रमाणे लावण्याची तेथे पद्धत ठेवली गेली: रंजक, कंटाळवाणे, उदास करणारे, उमेद देणारे. तिने मला हे मोठ्या कौतुकाने सांगितले होते.

मग आई पडली. शस्त्रक्रिया झाली. माझी शाळा, परीक्षांचे पेपर, भावाचे कामाचे तास. "या आठवड्यात राहशील का?" असे मी विचारू लागले. सुटीच्या दिवसाचे पैसे मी चोख देत होते, म्हणून मला त्यात वावगे वाटले नाही. ती नेहमी हो म्हणे. त्या रात्री सुंका खेळताना मी हिशेब केला, तेव्हा ध्यानात आले की, सात महिन्यांत ती तीनदाच तेल अवीवला गेली होती. "तू नाही का म्हणाली नाहीस?" असे मी विचारले. ती पेल्यांत बिया टाकीत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मोरा, मी येथे राहते ना."

वाचकहो, तिच्या त्या चार शब्दांत मला रियाधचे ते घर दिसले. मी तिचे पारपत्र ठेवून घेतलेले नाही. तिचा पगार एक दिवसही चुकविलेला नाही. तरीपण तिचे छप्पर माझ्या हाती आहे आणि हे तिला ठाऊक आहे, म्हणूनच ती नाही म्हणू शकली नाही. उद्या आईचे काही बरेवाईट झाले, तर तिची नोकरी आणि तिचे घर एकाच दिवशी जाईल.

शब्बाथची आज्ञा आपण लहानपणापासून पाठ केली आहे. विश्रांती कोणाकोणाला द्यायची याची तिच्यात यादीच आहे. दास आणि दासी त्या यादीत आहेत, जनावरे आहेत आणि वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्या दिवशी घाण्याचा बैलसुद्धा मोकळा असे. त्यांच्या वंशजांच्या घरात एखादी बाई सात महिन्यांत तीनच दिवस मोकळी असावी, हे कोणाला सांगावयाचीही मला लाज वाटत होती. तरी सांगितले, कारण आपल्या पुष्कळ घरांत आज म्हातारी माणसे आहेत आणि त्यांच्या उशाशी अशीच कोणी परदेशी बाई आहे.

गेले आठ आठवडे भाऊ आणि मी शनिवार वाटून घेतले आहेत. ती शुक्रवारी दुपारी जाते आणि शनिवारी रात्री येते. पहिल्या शनिवारी आईची धांदल उडाली, माझीही उडाली. आता सवय झाली आहे. शिवाय आमच्या गावातील समाजाच्या सभागृहाची मागची खोली महिन्यातून एका संध्याकाळी शुश्रूषा करणाऱ्या बायकांसाठी उघडी ठेवावी, असे मी आमच्या भगिनींना सुचविले. भाषण नाही, छायाचित्र नाही. चहा, थोडे फरसाण, शिवणाचे सामान आणि खेळ. आल्या तर आल्या. पहिल्या खेपेस चौघी आल्या, दुसऱ्या खेपेस अकरा. त्यांतली एक केरळची आहे, दोघी श्रीलंकेच्या, एक नेपाळची. एकमेकींची भाषा कळत नाही, पण पेल्यांत बिया टाकावयास भाषा कशाला हवी? एकीचा मालक मागच्याच महिन्यात वारला आणि ती सध्या मैत्रिणीच्या गादीवर झोपते आहे, हे आम्हाला त्याच खोलीत कळले. तिच्या कागदपत्रांसाठी आता एक वकील भगिनी खटपट करीत आहे.

आपल्या घरी अशी बाई असेल, तर एवढेच करा. दिनदर्शिका काढून गेल्या सहा महिन्यांत तिचे मोकळे दिवस किती झाले ते मोजा. संख्या मनासारखी आली तर उत्तम. न आली, तर येत्या शुक्रवारी दुपारी तिच्या हाती बसचे भाडे ठेवा आणि दार उघडा.

खजुराच्या बिया आईने एका जुन्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. परवा मोजल्या, तर सत्त्याण्णवच भरल्या. एक कोठेतरी सोफ्याखाली गेली असावी. आमची बाई शनिवारी रात्री तेल अवीवहून आली, तेव्हा तिने पर्समधून एक बी काढून डब्यात टाकली आणि आईला विचारले, "आई, डाव मांडू?"